बारा महिन्यांची खोली

बुलढाणा जिल्ह्यातील माणसे आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे हे दोन भाग पडले आहेत. वर पठार, थंड हवा आणि पैनगंगेचा उगम. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर सपाट जमीन आणि कडक ऊन. मी अनेक वर्षे घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो.

घाटाखालच्या खेड्यांत वर्ष महिन्यांनी मोजीत नाहीत. सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी झाली, तूर खळ्यावर आली, अशा खुणांनी ते मोजतात. आणि पैशाची ये-जाही याच खुणांबरोबर चालते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा पैसा येतो. हिवाळ्यात कापसाचा येतो. कापसाच्या व्यापारासाठी खामगावचा लौकिक जुना आहे. त्या कापसाकरिताच १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आणला गेला. त्यानंतर तुरीचे पैसे हाती येतात, आणि मग उन्हाळ्यापासून पुढच्या दिवाळीपर्यंत पैसा घरातून बाहेर जाण्याचीच वाट धरतो. गावचा वाणी हे जाणून असतो. तो उधारी वहीत मांडून ठेवतो आणि हंगामाची वाट पाहतो.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात धान्ये गोलाकार मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी त्यांवरून पावसापाण्याचे व पिकांचे भाकीत सांगतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही. तरीही दूरदूरचे शेतकरी ते ऐकावयास जमतात. कारण येत्या वर्षी हाती किती येणार, हे कळावे अशी ओढ प्रत्येकालाच असते.

घरभाडे मात्र हंगाम जाणत नाही. वर्षातून बारा वेळा, ठरल्या तारखेला, ते दारात येऊन उभे राहते. ज्याचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो, त्याने बारा वेळा येणारे देणे कसे भागवावे? हे कोडे मी प्रथम नीट पाहिले ते माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत.

२०२३ च्या जून महिन्यात ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. गुण चांगले पडले. बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात तिला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. गावाहून नांदुरा, मोताळा करीत राजूरचा घाट चढून रोज जाणे-येणे शक्य नव्हते. वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव लागले नाही. तेव्हा खोली भाड्याने घेणे एवढाच मार्ग उरला. वडिलांची पाच एकर कोरडवाहू शेती. प्रवेशाचा आणि पुस्तकांचा पहिला खर्च आईने आपल्या बचत गटातून रक्कम उचलून भागविला होता.

खोली पाहावयास वडिलांबरोबर मीही गेलो. घर एका वृद्ध बाईंचे होते. त्यांना सारी गल्ली ‘आजी’ म्हणे. माडीवर एक खोली, खिडकी पूर्वेला, नळ आणि मोरी खाली. भाडे महिना १,८०० रुपये आणि दोन महिन्यांचे भाडे अनामत. खोली स्वच्छ होती, आजी प्रेमळ होत्या. परतताना गाडीत वडिलांनी बोटांवर हिशेब केला.

“महिन्याचे अठराशे, म्हणजे वर्षाचे एकवीस हजार सहाशे. तुरीच्या पैशांतून एवढे मी बाजूला काढून ठेवले आहेत. झाले की नाही वर्षाचे काम, गुरुजी?”

खरे सांगावयाचे तर मी ‘झाले’ असेच म्हणणार होतो. माझी मान अर्धी हललीही होती. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “बाबा, खोलीत दिवा लावायचा की नाही?”

त्या रात्री त्यांच्या ओसरीवर आम्ही चौघे बसलो. मुलीने एक कोरी वही घेतली. आजवर त्या घरात हिशेब होत असे, पण तो पैसा खर्च झाल्यावर. पैसा खर्च होण्याआधी लिहावयाचा जो हिशेब, त्याला अंदाजपत्रक म्हणतात. आपल्या राज्याचे शासनही दरवर्षी असे अंदाजपत्रक विधिमंडळापुढे मांडते. त्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. या मुलीचे वर्ष १ जुलैला सुरू होणार होते.

तिने पानावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यावर लिहिले, ‘दर महिन्याला येणारे’. दुसऱ्यावर, ‘वर्षातून एकदा येणारे’. तिसऱ्यावर तिला शब्द सुचेना, तेव्हा आई म्हणाली, “न सांगता येणारे.” तेच तिने लिहिले.

पहिला रकाना भराभर भरला. त्यात भाडे १,८०० सर्वांत वर होते. त्याखाली वीज आली, आणि तेथे आम्ही बराच वेळ अडलो. कारण वीज किती जळेल, हे कोणालाच सांगता येईना. मग मी तिला तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकाची आठवण दिली. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज आठ तास फिरला, तर दिवसाला ६०० वॅट-तास, म्हणजे महिन्याला १८ युनिटे. नऊ वॅटचा दिवा रोज सहा तास लागला, तर महिन्याला दोन युनिटेही होत नाहीत. पण अंघोळीचे पाणी तापविण्याची एक हजार वॅटची सळई रोज केवळ अर्धा तास लावली, तरी महिन्याला १५ युनिटे! अभ्यासासाठी रात्री जागणाऱ्या मुलीला ‘दिवा मालव, वीज जळते’ असे आपण म्हणतो आणि सकाळी पाण्यात सळई सोडून ती विसरून जातो. वहीतील या आकड्यांनी दिव्याची बाजू घेतली, याचा मला आनंद झाला.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते. महावितरणच्या बिलात जळालेल्या विजेचे पैसे असतात, तसाच स्थिर आकारही असतो; महिनाभर खोलीला कुलूप असले तरी तो येतोच. शिवाय घरगुती वापराच्या पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो आणि त्यापुढील युनिटांचा दर चढत जातो. मालक आणि भाडेकरू एकाच मीटरवर असतील, तर दोघांची वीज मिळून शंभराची रेघ ओलांडते आणि मग वरच्या दराचा भार कोणी सोसावा, यावरून कुरबुर सुरू होते. आजींच्या घरी माडीचे उपमीटर वेगळे होते आणि युनिटाचा दर त्यांनी आधीच सांगितला होता. विजेसाठी महिना २०० रुपये धरले.

गॅसच्या पाच किलोच्या लहान सिलिंडरसाठी महिना ४०० धरले. ज्वारी, गहू, तूरडाळ घरची. भाजी, दूध, तेल, मीठ-मिरचीसाठी ९००. महिन्यातून दोनदा गावी येण्यासाठी एस.टी.चे २००, मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले होते, म्हणून हा आकडा एवढ्यावर राहिला. फोनसाठी २००. अशी पहिल्या रकान्याची बेरीज ३,७०० झाली. हे आकडे त्या मुलीच्या खोलीचे आहेत, हे ध्यानात असू द्या. तुमच्या गावी भाडे निराळे असेल आणि भाजीही निराळ्या भावाने मिळेल.

वडिलांचा चेहरा उतरला होता. “अठराशेचे सदतीसशे झाले!” ते म्हणाले.

मुलीने काही न बोलता दुसरा रकाना पुढे ओढला. घाटावरची थंडी घाटाखालच्या मुलीला सोसावयाची नाही. नोव्हेंबरात रजई आणि स्वेटर घ्यावे लागणार, त्याचे १,२००. महाविद्यालयाच्या शुल्काचा दुसरा हप्ता डिसेंबरात, २,४००. परीक्षा-शुल्क आणि प्रयोगवह्या मार्चमध्ये, १,८००. बुलढाणा शहराला पैनगंगेवरील येळगाव धरणाचे पाणी मिळते. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की नळ येण्यातील अंतर वाढते आणि लोक टँकर विकत घेतात. आजींनी हे न लपविता सांगितले होते. टँकरच्या वाट्याचे, एप्रिलात, ६००. पुढच्या जूनमध्ये बारावीच्या प्रवेशाचे १,२००. बेरीज ७,२०० आली.

“डिसेंबरचे डिसेंबरला पाहू,” वडील म्हणाले. “आताच त्याची काळजी कशाला?”

मला वाटते, बहुतेक घरांची घडी विसकटते ती याच वाक्याने. डिसेंबर येतो, तेव्हा तो भाडे, वीज, गॅस यांनाही बरोबर घेऊन येतो. एकटा कधी येत नाही. त्या मुलीने ७,२०० ला बाराने भागले. दर महिन्याला ६०० रुपये बाजूला ठेवले, म्हणजे थंडी, शुल्क, परीक्षा आणि टँकर ही सारी मंडळी आली तरी त्यांचे पान आधीच मांडलेले असणार होते. तिसऱ्या, ‘न सांगता येणाऱ्या’ रकान्यात तिने महिना २०० धरले. तेथे काय लिहावे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून केवळ आकडा लिहिला.

३,७००, ६०० आणि २००, मिळून ४,५००. वर्षाचे ५४,०००. भाडे या रकमेत १,८००, म्हणजे शंभरात चाळीस. उरलेले साठ रुपये भाड्याच्या आड उभे होते आणि गाडीत बोटांवर हिशेब करताना ते कोणालाच दिसले नव्हते.

मग तिने आणखी एक गणित केले. दिवाळीपर्यंत नवा पैसा यावयाचा नाही. जुलै ते ऑक्टोबर, चार महिन्यांचे १८,०००. त्यांत अनामतीचे ३,६०० मिळविले, की होतात २१,६००. वडिलांनी वर्षाच्या भाड्यासाठी बाजूला काढलेली रक्कम नेमकी हीच होती. तेवढ्या पैशांत वर्ष निघेल असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात चार महिने निघणार होते. वडिलांनी ती बेरीज दोनदा करून पाहिली. मग ते म्हणाले, “बरे झाले, आज कळले. आश्विनात कळले असते तर?”

एका बाबतीत मात्र वडिलांचा हिशेब अचूक होता. सुट्टीत मुलगी गावी येईल, तेव्हाचे भाडे का द्यावे, असे काही पालक विचारतात. वडिलांनी बारा महिनेच धरले होते. खोलीला आपले कुलूप आहे, तोवर तिचे भाडे चालू असते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावातून शहरात शिकावयास येणाऱ्यांचा असा हिशेब शासनालाही करावा लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ज्या विद्यार्थ्यांना दहावीनंतर शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे सोडून इतर ठिकाणी तेव्हा वर्षाला ४३,००० रुपये ठरविले गेले. त्यांपैकी भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,०००. पाहा, येथेही निवासाचा वाटा एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाहून लहानच आहे. आमची विद्यार्थिनी या योजनेत बसत नव्हती, म्हणून तिला आपली वाटणी आपणच करावी लागली.

जूनच्या अखेरीस करार झाला. आजींनी तो लेखी केला आणि नोंदविला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने करार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगितले आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर ठेवली आहे. त्यापूर्वी आपल्या विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश चालत असे. भाडे घेतले की लेखी पावती दिलीच पाहिजे आणि योग्य कारणावाचून भाडेकरूचे पाणी वा वीज तोडता कामा नये, हेही नव्या कायद्यात आहे. आजींनी कायदा वाचला होता की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांच्या कपाटात पावतीपुस्तक होते आणि त्यावर प्रत्येक भाडेकरूचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. मुलीने वहीत भाड्याच्या आकड्यापुढे पावतीचा क्रमांक लिहिण्यासाठी एक लहानसा रकाना आखला.

जुलै सुरू झाला आणि पहिल्या आठवड्यातच अंदाज चुकला. बादली, मग, झाडू, कुलूप, कपडे वाळत घालण्याची दोरी, या वस्तू खोलीत असतात असे आम्ही चौघांनीही गृहीत धरले होते. त्या खोलीत नव्हत्या. २४० रुपये जास्त गेले. त्यांतले २०० ‘न सांगता येणाऱ्या’ रकान्यातून निघाले. वरचे ४० तिने वर्षाच्या रकान्यातून घेतले आणि तेथे लाल शाईने ‘४० देणे’ असे लिहून ठेवले. मी तिला म्हणालो, “आपलेच पैसे आपल्यालाच कसले देणे?” ती नुसती हसली.

पुढे जे घडले, ते कोणत्याच रकान्यात नव्हते. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नदीनाल्यांना पूर आले. शेते पाण्याखाली गेली, घरांत पाणी शिरले. या मुलीच्या वडिलांची दोन एकर जमीन नाल्याकाठी होती. पाणी ओसरल्यावर तेथे पीक तर नव्हतेच, वरची काळी मातीही खरडून गेली होती. खालचे दगडगोटे तेवढे उघडे पडले होते. वडील बांधावर उभे राहून पाहत होते. दुसऱ्या बांधावर मी होतो. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

जुलैच्या अखेरच्या रविवारी मुलगी घरी आली. पुन्हा ती ओसरी, पुन्हा आम्ही चौघे. वडिलांनीच सुरुवात केली.

“माय, खोली सोडून दे. तीन एकरांवर आता घर चालवायचे आहे. पुढच्या वर्षी पाहू.”

आईने खाली मान घातली. ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून घरी परतलेल्या किती मुली पुन्हा शाळेत गेल्या, हे मी माझ्या नोकरीत पाहिले आहे. ती मोजणी मला आवडत नाही. परंतु वडिलांना काय सांगावे? पाण्याने नेलेले दोन एकर खोटे नव्हते.

मुलीने विचारले, “बाबा, महिन्याला किती देता येतील?”

बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “बत्तीसशे. त्याच्या वर एक रुपया नाही.”

तिने वही उघडली. वडिलांनी शेवटच्या दोन आकड्यांवर बोट ठेवले: ६०० आणि २००. “हे काढून टाक. हे काही आज लागत नाहीत.” मला त्यांचे नवल वाटले नाही. जो खर्च डोळ्यांना दिसत नाही, त्यावर कात्री प्रथम चालते. पण मुलगी म्हणाली, “बाबा, तेच ठेवायचे. बाकीचे पाहू.”

बाकीच्यांत सर्वांत मोठे भाडे. ते कमी होणार नव्हते. पण वाटून घेता येणार होते. तिच्या वर्गात लोणार तालुक्यातील एक मुलगी होती आणि तीही खोलीच्या शोधात होती. दुसऱ्या दिवशी आजींना विचारले. आजींनी होकार दिला, परंतु दोघींना पाणी दुप्पट लागेल म्हणून भाडे २०० रुपयांनी वाढविले. हे मला त्या वेळी थोडे खटकले. नंतर विचार करता वाटले, आजींचाही महिना त्या भाड्यावरच चालत होता आणि त्यांचीही एक वही असणारच. दुसऱ्या मुलीचे नाव करारात घातले गेले.

नवे पान असे झाले: भाडे २,००० चे अर्धे १,०००. दिवा एक आणि पंखा एक, त्याखाली दोघी; वीज १००. पाण्यात सळई सोडण्याचे दोघींनी बंद केले. दोघींच्या स्वयंपाकाला एकीच्या दुप्पट गॅस लागत नाही. ज्याला हे खरे वाटत नसेल, त्याने आपल्या आईला विचारावे. गॅस २५०. भाजी, दूध, तेल ७५०. गावी येणे महिन्यातून एकदाच, १००. फोन २००. बेरीज २,४००. खाली ते दोन न दिसणारे आकडे, ६०० आणि २००, जसेच्या तसे. एकूण ३,२००.

वडिलांनी वही हातात घेतली. ठेवलेल्या २१,६०० मधून अनामत आणि जुलै वजा जाता १३,५०० उरत होते. पहिल्या पानाप्रमाणे ते ऑक्टोबरअखेर संपणार होते. नव्या पानाप्रमाणे ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांचे १२,८०० देऊन ७०० शिल्लक राहत होते. नोव्हेंबरपर्यंत उरलेल्या तीन एकरांचे सोयाबीन विकून झाले असते. शिवाय दुसऱ्या मुलीकडून अनामतीचा अर्धा वाटा, १,८०० रुपये, वडिलांना परत मिळाला. तो त्यांनी हरभऱ्याच्या बियाण्यासाठी ठेवला.

“बरे,” ते म्हणाले आणि वही मुलीकडे दिली. एवढेच.

डिसेंबरात मी काही कामासाठी बुलढाण्यास गेलो होतो, तेव्हा खोलीवर डोकावलो. खिडकीत ऊन आले होते. दोघी रजया पांघरून वाचीत बसल्या होत्या. मुलीने वही दाखविली. नोव्हेंबरात १,२०० ची रजई आणि स्वेटर झाले होते. शुल्काचा हप्ता २,४०० आणि वर्षाच्या रकान्यातील शिल्लक २,३६०. “किती कमी पडले, सांगा गुरुजी,” ती म्हणाली. मी आकडा सांगण्याआधीच तिने जुलैच्या पानावरील लाल शाईवर बोट ठेवले. ते चाळीस रुपये तिने ‘न सांगता येणाऱ्या’ रकान्यातून भरले होते आणि लाल अक्षरांवर रेघ ओढली होती.

जानेवारीत तिला ताप आला; डॉक्टर आणि औषधे यांचे ४२० रुपये झाले. ते कोठून आले, हे वडिलांनी फोनवर विचारले आणि उत्तर ऐकून पुढे काही विचारले नाही. एप्रिलात टँकर आला. मे महिन्यात ती गावी होती. खोलीला कुलूप होते, भाडे चालू होते. पण वीज, गॅस, भाजी आणि एस.टी. यांचे मिळून १,२०० वाचले. त्यांचे काय करावे, यावर घरात मोठी चर्चा झाली. आईच्या बचत गटाची रक्कम फेडावी, की बारावीची पुस्तके घ्यावीत? शेवटी पुस्तके ठरली, आईनेच ठरविली.

जूनच्या अखेरीस ती वही संपली. शेवटच्या पानावर जागा थोडीच उरली होती. तिने नव्या वहीला पुठ्ठा घातला, पहिल्या पानावर तीन रकाने आखले आणि लिहिले, ‘१ जुलै २०२४. भाडे १,०००. पावती क्रमांक’. त्यापुढची जागा तिने कोरी सोडली.

स्वाध्याय

१. वडिलांनी बाजूला काढलेले २१,६०० रुपये वर्षभर का पुरणार नव्हते? गणित मांडून दाखवा.

२. मुलीने ६०० आणि २०० हे आकडे वगळले असते, तर डिसेंबरात आणि जानेवारीत काय घडले असते?

३. आजींनी भाडे २०० रुपयांनी वाढविले, हे तुम्हांला योग्य वाटते का? आजींच्या बाजूने चार वाक्ये आणि मुलींच्या बाजूने चार वाक्ये लिहा.

४. तुमच्या घरी एका महिन्यात किती युनिटे वीज जळते, ते बिलावरून पाहा. सर्वांत जास्त वीज कोणत्या उपकरणाला लागते, हे पाठातील रीतीने शोधा.